सॉफ्टवेअर बाहेरचे चालेल, हिशेबाची वही मात्र आपलीच हवी

गावातील विकास सोसायटीचे कार्यालय आपण सर्वांनी पाहिले आहे. लोखंडी कपाट, कापडात बांधलेली दप्तरे आणि टेबलामागे गटसचिव. आई-वडिलांचे पीककर्ज तिथूनच मिळते, दरवर्षीचे 'नवं-जुनं' तिथेच होते आणि सातबारावरचा बोजाही तिथल्याच कागदावरून चढतो-उतरतो. आता या कार्यालयांत संगणक येत आहेत. संगणकासोबत सॉफ्टवेअर येते आणि सॉफ्टवेअरसोबत ते बसवून देणारी बाहेरची कंपनी येते. तिची मुले जुन्या वह्यांतील आकडे भरून घेतात, दोन दिवस शिकवतात आणि पुढच्या गावाला जातात.

ते आकडे कोणी तपासले? चूक निघाली तर जबाबदार कोण? उद्या कंपनी बदलली तर आपला हिशेब कुठे राहील? हे प्रश्न विचारण्यासाठी संगणक अभियंता असण्याची गरज नाही. व्यवहार कसा चालतो हे कळले की पुरे. जालना जिल्ह्यातील आपले तरुण सोसायटीचे सभासद आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, एमआयडीसीतील कारखान्यांत हिशेबनीस आहेत, काहींनी स्वतःचा धंदा सुरू केला आहे. त्यांच्यासाठी हा विषय सोप्या भाषेत मांडत आहोत.

सॉफ्टवेअर विकत मिळते, कामाची समज मिळत नाही

'जालना सोने का पालना' असे म्हणतात. आज या पाळण्यात लोखंड आणि बियाणे आहे. स्टीलच्या कारखान्यात भंगार येते, भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होतात, बिलेटपासून सळई होते आणि सळई ट्रकमधून बाहेर जाते. बियाण्याच्या कंपनीत शेतकऱ्याच्या प्लॉटपासून लॉट क्रमांक, उगवणशक्तीची चाचणी, पॅकिंग आणि विक्रेत्यापर्यंत अशीच साखळी असते. पूर्वी प्रत्येक टप्प्याची वही वेगळी असे. खरेदीची वही गोदामाच्या वहीशी जुळत नसे आणि महिनाअखेरीस तिसराच माणूस दोन्ही जुळवत बसे. एका ठिकाणी नोंद केली की ती सर्व ठिकाणी आपोआप पोहोचते, अशा सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. लहान दुकानातील टॅलीपासून मोठ्या कारखान्यातील सॅपपर्यंत या सॉफ्टवेअरचे अनेक प्रकार आहेत.

पण पेटीतून काढलेल्या सॉफ्टवेअरला तुमचे काम माहीत नसते. कर्ज म्हणजे काय हे त्याला माहीत असते. तुमच्या सोसायटीचा व्याजदर किती, खरीप आणि रब्बीच्या कर्जाची मुदत कधी संपते, दंडव्याज कसे लागते, शेअर्सची कपात किती, हे त्याला सांगावे लागते. हे काम करणाऱ्या कंपनीला इम्प्लिमेंटेशन पार्टनर म्हणतात. सरकारी निविदांमध्ये तिचे नाव सिस्टिम इंटिग्रेटर असते.

या कंपनीची कामे साधारण पाच. तुमचे आजचे काम समजून घेणे, त्याप्रमाणे सॉफ्टवेअर लावणे, जुना हिशेब नव्यात आणणे, माणसांना शिकवणे आणि सुरू झाल्यावर अडचणीला धावून येणे. असे काम संस्थेला दहा-पंधरा वर्षांत एकदा करावे लागते. त्यासाठी कायमचा तज्ज्ञ नेमणे परवडत नाही. शिवाय ज्याने वीस ठिकाणी हे काम केले आहे त्याला कुठे चुका होतात ते ठाऊक असते. म्हणून बाहेरचा माणूस घेण्यात काही गैर नाही. त्याच्या हाती काय द्यायचे आणि काय आपल्याकडे ठेवायचे, हे न ठरवणे मात्र महागात पडते.

सोसायट्यांचे संगणकीकरण: सर्वात मोठे उदाहरण घरातलेच

केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांचा खर्च ठरला. सरासरी काढली तर एका संस्थेमागे सुमारे चार लाख रुपये. पुढे संस्थांची संख्या आणि खर्च दोन्ही वाढले. महाराष्ट्रातील सुमारे १२,००० सोसायट्या या योजनेत आहेत. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशातील १८,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाचे उद्घाटन झाले.

योजनेची रचना लक्षात घ्या. संपूर्ण देशासाठी एकच ईआरपी सॉफ्टवेअर आहे. नाबार्ड योजनेची अंमलबजावणी पाहते. प्रत्यक्ष संस्थेत जाऊन सॉफ्टवेअर बसवणे, जुना हिशेब भरणे, प्रशिक्षण आणि मदत यासाठी राज्य पातळीवर सिस्टिम इंटिग्रेटर नेमले जातात. म्हणजे भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील सोसायटीच्या संचालक मंडळाने स्वतः ही कंपनी निवडलेली नसते. निवड वर होते. परिणाम मात्र गावातील सभासदाच्या खात्यावर होतो.

या कामामागचा हेतू चांगला आहे. राज्य बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची सोसायटी अशी सहकारी पतपुरवठ्याची तीन पातळ्यांची साखळी आहे. वरच्या दोन्ही पातळ्यांवर संगणक केव्हाच आला, शेवटची कडी वहीवर राहिली. वहीत खाडाखोड होते, व्याजाची आकारणी माणूस बदलला की बदलते, लेखापरीक्षणाला वेळ लागतो. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीला दूध, गोदाम, खत-बियाणे असे पंचवीसहून अधिक व्यवसाय करता येतात. एवढे व्यवहार जुन्या कीर्द-खतावणीवर सांभाळणे अवघड आहे.

पण हेतू चांगला असला म्हणून तुमच्या खात्यातील आकडा बरोबर ठरत नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. आता वहीतून संगणकात आकडे घेताना भरण्याची तारीख चुकली, तर वेळेवर पैसे भरलेला माणूस संगणकात थकबाकीदार होतो. सवलत जाते, नवे कर्ज अडते आणि चूक कोणाची हे सांगायला गावात कोणी नसते. दोन एकर कोरडवाहू असलेल्या कुटुंबाला पेरणीच्या तोंडावर हा धक्का सोसत नाही.

बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला असे नाही

संपूर्ण कामात जुना हिशेब नव्यात आणण्याचा टप्पा सर्वात नाजूक असतो. समजा, बदनापूर तालुक्यातील एका सोसायटीच्या खतावणीतील सर्व कर्जखात्यांची बेरीज दोन कोटी तेरा लाख चाळीस हजार येते आणि ताळेबंदात येणे कर्ज दोन कोटी चौदा लाख दहा हजार दिसते. फरक सत्तर हजारांचा. हा फरक जुनाच आहे. संगणक येईपर्यंत तो कोणाच्या नजरेत आला नव्हता. कंपनीच्या मुलाला रोज ठरावीक संस्था संपवायच्या असतात. तो सत्तर हजार सस्पेन्स खात्याला टाकतो, तेरीज जुळते, काम पूर्ण झाल्याची सही होते. पुढच्या दहा वर्षांत त्या सत्तर हजारांचा मालक सापडत नाही.

दुसरी चूक याहून लबाड असते. गावात एकाच नावाचे दोन सभासद असतात. एकाचा भरणा दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. एकूण बेरीज तंतोतंत जुळते, लेखापरीक्षकालाही पटकन दिसत नाही, पण दोन माणसांची खाती चुकलेली असतात.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. नवे सॉफ्टवेअर सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला त्याच्या शेअर्सची, ठेवीची आणि कर्जाची शिल्लक लिहिलेली पावती द्यावी आणि त्याची सही घ्यावी. ज्याला वाचता येत नाही त्याला घरातील शिकलेल्या मुला-मुलीसमोर वाचून दाखवावी. सभासद स्वतःचे कर्ज विसरत नाही. त्याच्याइतका चांगला तपासनीस कोणत्याही कंपनीकडे नाही.

महाराष्ट्राने हा धडा एकदा मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेतले गेले आणि बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवली गेली. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी समारंभात प्रमाणपत्रे वाटली. त्यानंतर अर्ज आणि बँकेची माहिती जुळेना, एकच आधार क्रमांक अनेक खात्यांपुढे दिसू लागला आणि पैसे जमा होण्याचे काम रखडले. दोन वर्षांनी महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली तेव्हा अर्जच काढून टाकला. बँकेच्या यादीतील शेतकऱ्याने फक्त आपली ओळख आणि रक्कम बरोबर असल्याचे आधारद्वारे सांगायचे होते. २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादीही ६८ गावांपुरती ठेवली, आधी करून पाहिले आणि मग पुढच्या याद्या लावल्या. संगणक तेव्हाही होते आणि नंतरही होते. फरक पडला तो काम सोपे केल्याने, सुरुवात लहान ठेवल्याने आणि आकडा ज्याचा त्याच्याकडून खात्री करून घेतल्याने.

घाई आपली असेल तर दोषही आपलाच

याच २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. पण परीक्षा सुरू झाल्यानंतर कंपनी नेमली गेली आणि एखाद्या विद्याशाखेत प्रयोग करून पाहण्याऐवजी सर्व शाखांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच सत्रात या पद्धतीवर टाकल्या. प्राध्यापकांना शिकायला पुरेसा वेळ मिळाला नाही. ४५ दिवसांत लागायचे निकाल महिनोन् महिने लांबले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेल्या मुलांचे नुकसान झाले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

आपल्या विद्यार्थ्यांना त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण आठवत असेल. शिष्यवृत्तीसाठी आलेले महाडीबीटी पोर्टल पहिल्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये अडखळले आणि त्या वर्षी पुन्हा ऑफलाइन पद्धतीकडे वळावे लागले. जुनी पद्धत मोडून टाकलेली नव्हती म्हणून निदान तो मार्ग तरी उरला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नवे सॉफ्टवेअर ऐन हंगामात सुरू करू नये. सोसायटीने मार्चअखेरीच्या वसुलीत, बियाणे कंपनीने मे-जूनच्या विक्रीत, पतसंस्थेने दिवाळीच्या गर्दीत हा बदल करू नये. आणि निदान एक-दोन महिने जुनी वही आणि नवे सॉफ्टवेअर दोन्ही चालवावे. काम दुप्पट होते, कर्मचारी कुरकुर करतात, पण रोज संध्याकाळी दोन्हीकडची रोख शिल्लक जुळते की नाही हे कळते. जुळत नसेल त्याच दिवशी चूक सापडते. सहा महिन्यांनी सापडत नाही.

संगणक म्हणतो म्हणून माणूस चोर ठरू नये

ब्रिटनमधील एक प्रकरण प्रत्येक गटसचिवाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून गावोगावच्या टपाल कार्यालयांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. ती फुजित्सू या कंपनीची होती. काही ठिकाणी संगणकावर रोकड कमी दिसू लागली. करारानुसार तूट टपाल कार्यालय चालवणाऱ्याने भरायची होती. लोकांनी घर गहाण ठेवून पैसे भरले. 'आम्ही पैसे घेतले नाहीत, मशिनमध्ये चूक आहे' असे ते सांगत राहिले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, फसवणूक, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, अनेक देशोधडीला लागले. त्यांच्यातील काही जणांनी एकत्र येऊन खटला लढवला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने मान्य केले की प्रणालीतील दोषांमुळे अशी तूट दिसू शकते आणि कंपनीचे लोक दूर बसून शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होते. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे आपल्याकडे होऊ शकत नाही असे समजू नका. कमी पगारावरचा सचिव, बाहेरगावी बसलेली कंपनी आणि मशिनवर डोळे झाकून विश्वास ठेवणारे वरिष्ठ, हे तिन्ही आपल्याकडेही आहेत. म्हणून कोणी, कधी, कोणती नोंद बदलली याची न पुसता येणारी नोंद सॉफ्टवेअरमध्ये असलीच पाहिजे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांना, त्यात शेतकरी उत्पादक कंपन्याही आल्या, १ एप्रिल २०२३ पासून अशी सोय असलेलेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. सहकारी संस्थेनेही ती मागून घ्यावी. कंपनीच्या माणसाला दुरून आत यायचे असेल तर त्याच्या नावाचे वेगळे खाते असावे. सचिवाचा पासवर्ड सर्वांना माहीत असणे ही सोय वाटते. तूट निघाली की तोच सचिवाच्या गळ्याचा फास होतो.

करार करताना

सोसायटीची कंपनी वरून ठरली, तरी पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, शाळा किंवा स्वतःचा धंदा चालवताना निवड आपल्यालाच करावी लागते. तेव्हा एवढे पाहावे.

१. आधी आपले काम कागदावर लिहा. रोजची कामे, महिन्याची कामे, वर्षाची कामे आणि नेहमी येणाऱ्या अडचणी. हा कागद नसेल तर विक्रेता जे दाखवेल तेच आपल्याला हवे आहे असे वाटू लागते.

२. आपल्यासारख्याच दोन संस्थांत जाऊन पाहा. विक्रेत्याने सोबत यावे असा आग्रह नको. चेअरमनला विचारू नका, रोज नोंदी करणाऱ्या क्लार्कला विचारा.

३. बोलणी करायला आलेला अनुभवी माणूस आणि काम करायला येणारा नवखा मुलगा, हा प्रकार नेहमीचा आहे. प्रत्यक्ष काम कोण करणार, किती दिवस बसणार, ते करारात लिहून घ्या.

४. पैसे टप्प्याने द्या. थोडी रक्कम सुरुवातीला, काही रक्कम जुना हिशेब तपासून मान्य झाल्यावर, आणि ठळक हिस्सा पहिला महिनाअखेर किंवा वर्षअखेर नीट पार पडल्यावर. सर्व रक्कम आगाऊ दिली की फोन उचलला जात नाही.

५. सर्व माहिती संस्थेच्या मालकीची आहे आणि मागितल्यावर ती कोणालाही वाचता येईल अशा एक्सेल फाइलमध्ये, ठरावीक दिवसांत, जादा पैसे न घेता मिळेल, हे वाक्य करारात असू द्या. दर महिन्याला एक प्रत स्वतःकडे काढून ठेवा.

६. मुख्य पासवर्ड, वेबसाइटचे नाव आणि सर्व्हरचे खाते संस्थेच्या नावावर असावे. कंपनीच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नको.

७. सल्ला देणारा आणि सॉफ्टवेअर विकणारा एकच असेल तर त्याला कमिशन कुठून मिळते ते सरळ विचारा. विचारण्यात संकोच नको.

८. प्रशिक्षण मराठीत आणि लेखी स्वरूपात हवे. शिकलेला एकमेव माणूस उद्या नोकरी सोडून गेला तर मागे काय राहील, याचा विचार करा. निदान दोघांना पूर्ण काम यायला हवे.

९. आपल्या प्रत्येक सवयीसाठी सॉफ्टवेअर बदलून मागू नका. जर्मनीतील लिडल ही मोठी दुकानसाखळी मालाची किंमत विक्रीच्या दराने धरण्याऐवजी खरेदीच्या दराने धरत असे. ही पद्धत टिकवण्यासाठी तिने सॅपमध्ये बदल करून घेतले. सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. कायद्याने आवश्यक आहे ते जरूर बदलून घ्या. केवळ सवय असेल तर सवय बदला.

'फुकट' या शब्दालाही भुलू नका. मुंबईतील फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो, परवान्याचे पैसे लागत नाहीत. लहान संस्थांसाठी ही मोठी सोय आहे, कारण एका कंपनीशी पटले नाही तर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून सांभाळून घेता येते. पण सर्व्हर, मांडणी, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च त्यातही असतोच.

सभासद म्हणून आपला अधिकार

'ते सगळं कंपनी बघते' हे उत्तर कोणत्याही संचालकाने देऊ नये आणि सभासदाने ऐकून घेऊ नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते आणि असे काम करार करूनच देता येते. सभासदाचा आधार, मोबाइल क्रमांक, जमिनीचा तपशील आणि कर्ज, ही सगळी माहिती यात येते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि दप्तरातील स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. संगणक आल्याने हा अधिकार संपत नाही. माहिती अधिकाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ च्या थलप्पलम निकालात म्हटले आहे की प्रत्येक सहकारी संस्था आपोआप या कायद्याखाली येत नाही. पण निबंधकाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती घेता येते, ती निबंधकाकडे मागता येते. म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अर्ज करण्याचा मार्ग मोकळा आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पुढच्या सभेत जाताना चार प्रश्न लिहून न्या. जुना हिशेब संगणकात घेताना किती फरक निघाला आणि तो कोणत्या खात्याला टाकला? प्रत्येक सभासदाला शिल्लकेची पावती दिली का? रोजचा दिवसअखेर हिशेब खरोखर संगणकात होतो, की वहीत लिहून महिन्याने एकदम भरला जातो? बिघाड झाला तर तक्रार कुठे करायची आणि ती किती दिवसांत सुटते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.

हे काम आपल्या मुलांनीही करावे

आता थोडे पुढचे बोलू. जालन्यातील कारखाने, जिनिंग, डाळ मिल, बियाणे कंपन्या, दवाखाने, शाळा या सर्वांना सॉफ्टवेअर बसवून देणारा आणि हाकेला येणारा माणूस हवा असतो. आज तो बहुधा संभाजीनगर किंवा पुण्याहून येतो. आपल्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना हिशेब येतो, आयटी शिकलेल्या मुलांना संगणक येतो. दोघांनी एकत्र बसायला हवे, कारण या कामात दोन्ही लागते. तेरीज न समजणारा प्रोग्रामर आणि एक्सेल न येणारा हिशेबनीस, दोघेही अर्धेच काम करतात.

सुरुवात लहान करावी. एखाद्या दुकानाचे जीएसटीचे काम, एखाद्या पतसंस्थेच्या ठेवींची खाती, एखाद्या बचत गटाचा हिशेब. उद्यम नोंदणी मोफत आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. त्यात वस्तूंबरोबर सेवाही येतात. हे धोरण दारापर्यंत नेते. पुढचे काम आपल्या कामावरच मिळते.

आणि उद्या आपण स्वतः दुसऱ्याच्या संस्थेत बाहेरचे भागीदार म्हणून गेलो, तर वर लिहिलेली यादी आपल्यालाही लागू आहे. ग्राहकाची माहिती अडवून ठेवू नये, पासवर्ड लपवू नये, फरक सस्पेन्स खात्यात ढकलू नये.

सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नसे आणि त्या वहीखाली त्याचा अंगठा असे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले, कारण आपले जगणे त्या कागदांत अडकले आहे हे त्यांना कळले होते. आज आपल्याला वाचता येते, आणि आजची वही जाळण्याची गरज नाही. ती उघडून पाहण्याची, बरोबर आहे का ते तपासण्याची आणि तिची किल्ली आपल्या संस्थेकडे ठेवण्याची गरज आहे. पुढच्या वेळी सोसायटीत गेलात की सचिवाला नम्रपणे सांगा, 'माझ्या खात्याचा उतारा संगणकातून काढून द्या.' आणि घरी येऊन तो जुन्या पावत्यांशी जुळवून पाहा.